जुनी गाडी आधी थांबायला हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या शेडमध्ये मॉरिस मायनर ही जुनी ब्रिटिश मोटार नव्याने उभी करणाऱ्या एका हौशी तरुणावर लेख होता. लेख मनापासून लिहिलाय, फोटो तर कापून ठेवावेत असे आहेत. पण मधेच एक वाक्य येतं: ‘गळकी पेट्रोलची टाकी रिकामी करून घरीच वेल्डिंग मारलं.’ माझं बाकीचं पत्र छापलं नाहीत तरी चालेल, एवढी दुरुस्ती मात्र कृपा करून छापा. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि हवेत ती साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असली की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत वाफेला हवाच कमी मिळते. रिकाम्या टाकीत जोडांच्या फटींत आणि गंजाच्या पापुद्र्यांत चमचाभर पेट्रोल मुरून राहतं, आणि पत्रा तापला की तेच वाफ होऊन बाहेर येतं. साबणाच्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, आता वास येत नाही, असल्या कुठल्याही खात्रीवर विसंबू नये. वाफेने टाकी धुण्याची सोय ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ती द्यावी, नाहीतर सरळ नवी बसवावी. घरच्या शेडमध्ये करण्यासारखी कामं पुष्कळ आहेत, हे त्यातलं नव्हे.

हे झालं तातडीचं. आता बाकीचं सावकाश.

कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करण्यात माझी सगळी नोकरी गेली. मामेसासऱ्यांची १९६० सालची मायनर त्यांच्या पश्चात आमच्याकडे आली, आणि निवृत्तीनंतर मी तिच्या मागे लागले. दोन दारांची, ९४८ सीसीची. वायर मला जन्माची ओळखीची. पत्रा, गिअर, ब्रेक हे सगळं मी पुस्तकं उघडी ठेवून आणि भाच्याला हाताशी धरून शिकले. तेव्हा तुमच्या लेखातल्या गाडीची मी सख्खी शेजारीण आहे, आणि म्हणूनच तो दोनदा वाचला.

माझी तक्रार एवढीच की त्यात १२७५ सीसीचं इंजिन आहे, कार्ब्युरेटरची जोडी आहे, आरशासारखा रंग आहे, रुंद टायर आहेत, आणि ब्रेकबद्दल अक्षरही नाही. लिहिणाऱ्याने विचारलं नसेल, किंवा त्या मुलाने सांगितलं नसेल. पण असे लेख वाचून उद्या आणखी चारजण आपापल्या शेडमध्ये गाड्या उघडतील, आणि सुरुवात इंजिनापासून करतील. म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या मायनरचं मूळ इंजिन ३७ अश्वशक्तीचं. १२७५ बसवलं की आकडा साठच्या आसपास जातो. इंजिन बसायलाही फारशी खटपट लागत नाही, कारण दोन्ही एकाच घराण्यातली. ऑस्टिन ए ३० या गाडीत १९५१ साली ८०३ सीसीचं जे ‘ए सीरिज’ इंजिन आलं, तेच वाढत वाढत ९४८, १०९८, १२७५ झालं. मोह पडतो तो त्यामुळेच. पण ८० च्या वेगाने चाललेली गाडी १०० ने चालू लागली तर तिच्यातली गतिज ऊर्जा पाव पटीने वाढत नाही, दीडपटीहून अधिक होते. वेगाचा वर्ग येतो, शाळेत शिकलोय आपण. थांबताना ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. ९४८ च्या पुढच्या चाकांना सात इंची ड्रम ब्रेक आहेत; चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून लायनर दाबून धरतात. लागोपाठ दोन-तीनदा करकचून ब्रेक मारले की ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब सरकतो, लायनरची पकडही तापल्यामुळे उतरते, आणि पेडल खाली जात राहतं. त्यात या गाडीच्या ब्रेकची लाइन एकच आहे. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र सर्किट असतात, एक फुटलं तर दुसरं थोडं तरी थांबवतं. मायनरमध्ये एका चाकाची रबरी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. उरतो फक्त हातब्रेक, तोही मागच्या दोन चाकांना.

कारखान्याने स्वतः काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९६२ मध्ये मायनरला १०९८ चं इंजिन दिलं तेव्हा पुढचे ड्रम सातावरून आठ इंचांचे केले. ताकद वाढवणारे ब्रेकही वाढवत होते.

जुनी गाडी हाती आली की पहिल्यांदा मागचं एक चाक काढून ड्रम उतरवा, असं मी सांगेन. ड्रम उतरत नसेल तर ॲडजस्टर सैल करा, हातोड्याने कडेकडेने हलकेच ठोका. आतली काळी पूड फुंकू नका, ब्लोअर तर मुळीच लावू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुप्फुसात गेलं की परत येत नाही. ओल्या फडक्याने टिपा, फडकं पिशवीत बांधून टाका. मग ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचं रबरी टोपण नखाने जरासं उचला. आत कोरडं असेल तर ठीक. माझ्या गाडीत तिथून चॉकलेटी रंगाचा चिकट गाळ आला, आणि सिलेंडर साफ करून बॅटरीच्या उजेडात धरला तर आतल्या भिंतीवर सुईने टोचल्यासारखे खड्डे. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, ते पाणी तळाशी राहून लोखंड खातं. अशा सिलेंडरला नुसतं नवं रबर घालून भागत नाही. खड्ड्यावरून घासून तेही फाटतं. सिलेंडरच बदलावे लागतात. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत हे घडलेलंच असतं, बाहेरून ती कितीही लखलखीत दिसो.

मायनरच्या मास्टर सिलेंडरची, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या सिलेंडरची, तऱ्हा तर विचारू नका. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, गाडीच्या तळाच्या पोटात, बॉक्सच्या आकाराच्या पट्टीत बसवलाय. वरून झाकण उघडून ऑइल भरता येतं, पण काढायला गेलं तर त्याचे लांब बोल्ट शेजारच्या टॉर्शन बारला, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईला, अडकतात, बाहेरच येत नाहीत. ज्या माणसाने हे ठरवलं त्याला तो कधी काढावा लागला नसणार. बसवताना शहाणी माणसं बोल्ट उलट्या बाजूने घालतात, म्हणजे पुढच्या वेळी तरी सुटका होते. आम्हीही तेच केलं. हा बदल गाडीत कुणाला दिसत नाही, पण मला तो रंगापेक्षा प्रिय आहे.

ब्रेकच्या नळ्या मी तांबे-निकेलच्या घातल्या; वाकवायला सोप्या आणि गंजत नाहीत. मग नळ्यांतली हवा काढायचं काम. मी मागच्या चाकाशी पाना आणि बाटली घेऊन, भाचा सीटवर.

“आत्या, दाबू?”
“दाब. आता धरून ठेव.”
“धरलंय.”
पाना पाव फेरा. पारदर्शक नळीतून बुडबुडे. पाना बंद.
“सोड. हळू सोड, झटकन नको.”

सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून जवळच्या चाकावर संपवायचं, आणि मधे मधे मास्टर सिलेंडरचं भांडं रिकामं होऊ द्यायचं नाही, नाहीतर हवा पुन्हा आत. कंटाळवाणं काम आहे. पेडल अर्ध्यावर दगडासारखं घट्ट लागलं तेव्हा भाचा ओरडला, तसा तो रंग वाळल्यावरही ओरडला नव्हता.

ब्रेकइतकीच दुसरी गोष्ट, जी मायनरवाल्याला ठाऊक असलीच पाहिजे: ट्रनियन. पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्या टोकांना आटे आहेत, आणि ते आटे ट्रनियन नावाच्या धातूच्या आटेदार ठोकळ्यांत फिरतात. खालच्या ट्रनियनवर गाडीचा भार असतो. त्याला वेळच्या वेळी ग्रीस मिळालं तर तो वर्षानुवर्षं टिकतो. नाही मिळालं तर आटे झिजत जातात, आणि एक दिवस पिन त्यातून निसटते आणि चाक गाडीखाली आडवं होतं. बहुतेक वेळा हळू वळताना होतं म्हणून माणसं वाचतात. ग्रीस गन लावताना चाक जमिनीवरून उचललेलं हवं. भार असताना ग्रीस आट्यांत शिरत नाही, निपलच्या कडेने बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं, झालं काम. उचलायचं म्हणजे जॅकवर नव्हे. जॅकने उचलून खाली घोडी, म्हणजे लोखंडी आधार, लावायची, मग हात आत घालायचा. या एका बाबतीत मी भाच्यावर खेकसते.

गंजाबद्दल थोडं. मायनरला वेगळी चेसिस नाही. सांगाडा म्हणजेच गाडी. त्यामुळे दाराखालच्या पेट्या, म्हणजे सिल, मागच्या स्प्रिंगचे पाटे अडकवायच्या जागा आणि पुढची आडवी पट्टी या जागा गंजल्या की नुसता पत्रा जात नाही, गाडीचा कणाच जातो. चुंबक घेऊन फिरा. लोखंडाला तो चिकटतो, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या जागी घसरतो. माझ्या गाडीच्या डाव्या सिलवर चुंबक सरळ खाली पडला. खरवडलं तर वर रंग, खाली बोटभर लांबी, आणि तिच्याखाली वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. कुणा कारागिराने कधीतरी पोकळी भरायला घातले असतील. (तुमचं वर्तमानपत्र नव्हतं, निर्धास्त राहा. हवामानाचा अंदाज तेवढा वाचता आला.) असं सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवी सळई टाके मारून पक्की करावी लागते आणि एका वेळी एकच बाजू घ्यावी लागते. नाहीतर मधून सांगाडा बसतो आणि नवं सिल झाल्यावर दार लागतच नाही. कापताना कंजूषी नको. चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जा. पातळ पडलेल्या पत्र्यावर वेल्डिंग मारलं तर भोक मोठं होत जातं. हे वेल्डिंग आम्ही घरी आणून एका जाणत्या माणसाकडून करून घेतलं. सगळं स्वतःच केलं असं सांगण्याची हौस मला नाही.

आता माझ्या प्रांतात येते. तुमच्या लेखात वायरिंगला अर्धं वाक्य मिळालंय: ‘नवीन हेडलाइट आणि म्युझिक सिस्टीम बसवली.’ मला विचाराल तर जुन्या गाडीत ब्रेकनंतर माणसाला गोत्यात आणते ती वायर. मायनरमध्ये फ्यूज किती? दोन. हेडलाइटच्या वाटेत एकही नाही. बॅटरीकडून कटआऊटकडे, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या पेटीकडे, येणारी जाड तपकिरी वायर तर थेट. तिच्यावरचं कापडी आवरण पन्नास-साठ वर्षांत चुरा झालेलं असतं, आणि ती पत्र्याला टेकली की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. वायर लाल होते, तिच्या शेजारची पेटते, आणि तिथूनच थोड्या अंतरावर पेट्रोलची नळी जाते. म्हणून गाडी घरात आली त्याच दिवशी बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवावा. एवढं स्वस्त आणि एवढं उपयोगी दुसरं काही या गाडीत नाही.

ब्रिटिश गाड्यांच्या वायरचे रंग ठरलेले असतात, आणि एकदा ते लक्षात आले की जाळं आपोआप उलगडतं. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावरची, हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून गेलेली, जांभळी म्हणजे फ्यूजमधून पण कायम जिवंत, निळी हेडलाइटची, लाल बाजूच्या दिव्यांची, काळी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली. नवी वायर घालताना हेच रंग ठेवा. आमच्या गाडीत मधल्या काळात कुणीतरी हाती लागेल त्या रंगाची वायर घातली होती. हॉर्नची पिवळी, तीच पुढे जाऊन निळी, मधे चिकटपट्टीचा गोळा. पॅनेलमध्ये असं काम माझ्या हाताखालच्या पोराने केलं असतं तर मी ते त्याच्यासमोर कापलं असतं.

जुन्या गाडीचे दिवे मंद असतात म्हणून माणसं जास्त वॅटचे बल्ब घालतात. त्याआधी मल्टिमीटर घ्या. दिवा चालू ठेवून आधी बॅटरीवर मोजा, मग बल्बच्या मागे. मी मोजलं तेव्हा वाटेत दीड व्होल्ट हरवत होता. बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने पडतो. बारातला दीड गेला तर उजेड एक तृतीयांशाहून अधिक गेला. दोष बल्बचा नव्हता. करंट डॅशबोर्डवरच्या जुनाट स्विचमधून, पायाच्या डिपर स्विचमधून, हिरव्या पडलेल्या बुलेट जोडांतून लांबची फेरी मारत होता. त्या वाटेवर ६० वॅटचे दोन बल्ब लावले की दहा अँपिअर त्याच स्विचमधून जाणार, आणि स्विच तापून वितळणार. उपाय साधा: जुना स्विच फक्त रिलेला इशारा देईल, आणि दिव्याचा करंट बॅटरीकडून फ्यूजमधून रिलेत आणि तिथून जाड वायरने सरळ बल्बकडे जाईल. एक रिले लांबच्या झोताला, एक जवळच्या. अर्थच्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचं कडं, घट्ट करायचं आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. एवढं केल्यावर तोच बल्ब वेगळाच वाटतो. थिंबल वायरवर घट्ट दाबून बसवलेलं हवं. वायरच्या टोकाला नुसतं सोल्डर पाजलं तर ती तेवढ्या जागी कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते.

आणखी एक सापळा. या गाड्यांची बॅटरी उलटी जोडलेली असते, म्हणजे धन टोक बॉडीला. म्युझिक सिस्टीम, मोबाइल चार्जर, काही एलईडी दिवे हे सगळं ऋण टोक बॉडीला आहे असं धरून बनतं. तसंच जोडलं तर जळतं, आणि कधी कधी आग लावतं. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवायचा तर आधी पूर्ण गाडीत बॅटरीच्या टोकांची दिशा बदलावी लागते, इग्निशन कॉइलची दोन टोकं अदलाबदल करावी लागतात. विसरलात तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात. मी डायनॅमोच ठेवलाय. तो जेमतेम वीस अँपिअर देतो, गाडी जागच्या जागी घुटमळत असेल तर काहीच देत नाही, पण मी रात्रीची गाडी काढत नाही. जो रात्री, पावसात, वायपर-दिवे लावून जाणार त्याने अल्टरनेटर खुशाल बसवावा. त्यात पाप नाही.

पाप नाही असं मुद्दाम म्हटलं, कारण मला पलीकडचा कंपूही माहीत आहे. त्यांना एक स्क्रूसुद्धा मूळचा लागतो. गाडीत सीटबेल्ट दिसला तर त्यांच्या कपाळाला आठ्या. त्यांनी मायनरचं बॉनेट एकदा नीट पाहावं. मधून उभी एक सपाट पट्टी गेलेली दिसते. ॲलेक इसिगोनिस यांनी ही गाडी आखली, नमुना तयार झाला, आणि त्यांना तो अरुंद वाटला. त्यांनी नमुना मधोमध उभा कापायला लावला, दोन अर्धे भाग एकमेकांपासून सरकवून पाहिले, आणि चार इंचांच्या अंतरावर समाधान झालं. तोवर बंपर तयार झाले होते. तेही मधे कापून तुकडा जोडला. १९४८ मध्ये गाडी बाजारात आली ती अशी. सोळा लाखांच्या वर मायनर निघाल्या १९७१ पर्यंत. मूळ म्हणून आपण जी पुजतो तीच आयत्या वेळी केलेली दुरुस्ती आहे.

तेव्हा बदल करावा की नाही हा वाद मला फार चघळावासा वाटत नाही. कसा करावा यात मला रस आहे. जुन्या वाहनांच्या संघटनांचा ‘फीवा’ नावाचा जागतिक महासंघ आहे, १९६६ पासूनचा. त्यांनी २०१२ मध्ये ट्युरिनची सनद म्हणून एक मसुदा मंजूर केला. जुन्या वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली होती, तिच्याच वळणावर. भाषा सरकारी आहे, पण आतलं सांगणं माझ्यासारख्या वायरमनला लगेच पटणारं: केलेला बदल पुन्हा काढता आला पाहिजे, केलेल्या कामाची नोंद राहिली पाहिजे, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर राहिले पाहिजेत. पॅनेलमध्ये आम्ही दुसरं काय करत होतो? दाराच्या आत ड्रॉइंग चिकटवल्याशिवाय पॅनेल बाहेर पाठवायचं नाही.

माझ्या गाडीला खांबातून बाहेर येणारे पिवळे हात आहेत, वळण्याची खूण करणारे. १९६१ पर्यंत मायनरला तेच असायचे. मुलं पाहिली की त्यांना ते काढून दाखवावे लागतात. पण मागच्या ट्रकवाल्याला ते दिसत नाहीत, म्हणून मी पुढेमागे लुकलुकणारे दिवे बसवले, जुने हात चालू ठेवून. बॉडीला नवं भोक एकही नाही. मागचे दिवे बंपरच्या पट्टीवर आहेत. सीटबेल्टसाठी मात्र भोकं पाडली. तिथे मी कुणाचं ऐकलं नाही. पातळ पत्र्याला नुसता बोल्ट लावला तर धक्क्याला तो पत्र्यासकट उपटून येतो, म्हणून आतून जाड पट्टी वेल्ड करून घेतली आणि तिच्यात सात-सोळांश इंची बोल्ट. पेट्रोलची रबरी नळीही बदलली. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून जुनं रबर आतून सुटतं आणि बाहेरून चिरतं. पुढच्या ब्रेकना १०९८ चे आठ इंची ड्रम, बॅकप्लेटसकट. सात इंची जोडी तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवली आहे. वही आहेच. कुठली वायर कुठून कुठे, कुठल्या जाडीची, रिले कुठे, सगळं. माझ्यानंतर ही गाडी ज्याच्याकडे जाईल त्याला माझा हात समजला पाहिजे.

रंगाबद्दल लेखात बरंच आहे, तरी एक भर घालते. फोटोत तो मुलगा साधा कापडी मास्क लावून स्प्रे मारताना दिसतोय. दोन भाग मिसळून वापरायच्या रंगात आयसोसायनेट असतं. ते कापडातून आरपार जातं, आणि एकदा दमा जडला की पुढे त्या रंगाच्या वासानेही छाती भरते. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर हा रंग घरी मारू नये. जुना रंग घासताना पाणी लावून घासावा, त्यात शिसं असण्याची शक्यता असते. मी रंग बाहेरून करून घेतला. ठीक झालाय. जवळून पाहिलं तर डाव्या मडगार्डवर ओघळ आहे.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. काटछाट करायची तर माझ्या मायनरची कौतुकं कापा, टाकीचा आणि मुखवट्याचा परिच्छेद ठेवा. पुढच्या वेळी अशा गाडीवर लेख कराल तेव्हा फोटोग्राफरला एक फोटो गाडी घोडीवर चढवून खालून काढायला सांगा, आणि मालकाला विचारा की ब्रेकच्या नळ्या कधी बदलल्या.

आणि त्या मुलाला माझा निरोप द्याल का? काम त्याने देखणं केलंय, हे खरंच आहे. १२७५ ला पुढे डिस्क ब्रेकच हवेत, त्याचे तयार संच मिळतात. पण ते येईपर्यंत तो सात इंची ड्रमवर फिरत असेल तर माझ्याकडे आठ इंचींची एक जोडी जास्तीची पडून आहे. लायनर नवे घालावे लागतील, ड्रम चांगले आहेत. माझा पत्ता पाकिटावर आहे, त्याला दिलात तर माझी हरकत नाही.

आपली,
एक वाचक